केरळात नवीन आलाय? आधी तिथली इंग्रजी समजून घ्या

विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्याला तृश्शूर-कोचीकडं येणारी पोरं, काक्कनाडच्या इन्फोपार्कला नाहीतर तिरुवनंतपुरमच्या टेक्नोपार्कला जॉईन होणारी मंडळी, बँकेत बदली होऊन आलेले साहेब, सगळ्यांचा हिशोब एकच असतो. मल्याळम काय लगेच येणार नाही, पण तिकडं सगळे शिकलेले आहेत, इंग्रजीवर भागवू. भागतं, नाही असं नाही, पण पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं की समोरचा बोलतोय इंग्रजी शब्द आणि आपल्याला कळतंय भलतंच.

दर वर्षी गावाकडून कोणी नवीन आलं की मला फोनवर हेच सगळं परत सांगत बसावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मल्याळी माणसाच्या तोंडातला इंग्रजी शब्द हा मल्याळम शब्दच समजायचा. उच्चार तिकडचा, प्रत्यय तिकडचे आणि बऱ्याच वेळा अर्थही तिकडचाच. आपणही तेच करतो की. आपल्याकडं लाईट जाते, तिकडं करंट जातो, दोघांच्या घरात अंधार सारखाच.

मल्याळम शब्द मी देवनागरीत जवळपासच्या उच्चारानं लिहिलेत, शंभर टक्के तसेच ऐकू येतील असं नाही.

१. आधी एवढं जमवून ठेवा

- फोनमध्ये ओळम डिक्शनरी बुकमार्क करा. इंग्रजी-मल्याळम शब्दकोश आहे, फुकट आहे, कैलाश नाध यांनी २०१० मध्ये सुरू केला. त्यातच मल्याळम-मल्याळम शब्दकोशही आहे, दातुक नावाचा, त्याचा उपयोग पुढं सांगतो.
- कीबोर्डला मल्याळम भाषा जोडून घ्या, बोटानं अक्षर गिरवून टाईप करता येतं तो ऑप्शन चालू ठेवा. बोर्डावरचं अक्षर वाचता आलं नाही तरी बघून गिरवता येतं.
- एक छोटी वही. फोनमधल्या नोट्स कोणी परत उघडून बघत नाही, मी तर नाहीच.
- एक माणूस, ज्याला कितीही वेळा विचारलं तरी वैताग येत नाही. शक्यतो चहावाला. ऑफिसातला सहकारी तुमच्याशी सुधारून इंग्रजी बोलतो त्यामुळं त्याच्याकडून हे शिकायला मिळत नाही.

२. कान तयार करा

मल्याळममध्ये आपल्यासारखा ॲ आणि ऑ लिहायची सोय नाही. त्यामुळं बँकेचं होतं बांक, बॅगेचं बाग, व्हॅनचं वान. ऑफिसचं ओफीस, डॉक्टरचा डोक्टर. झ चा आवाज इंग्रजी शब्दात स होतो, म्हणजे झीरोचा सीरो आणि झू चं सू. तृश्शूरमध्ये रिक्षावाला सू म्हणाला तर तो प्राणिसंग्रहालयाबद्दल बोलतोय.

ल आणि न कधी कधी ळ आणि ण होतात. स्कूळ, कोळेज, फोण. हे चुकून होत नाही, लिहितातच तसं. मराठी कानाला हे उलट सोपं जायला पाहिजे, कारण ळ आणि ण आपल्या घरचेच, पण इंग्रजी शब्दात ते अपेक्षितच नसतात म्हणून गडबड होते.

शेवटी व्यंजन आलं की त्याला एक अर्धवट उ चिकटतो, बस्सु, बांकु, बोट्टु. पूर्ण उ नाही, तोंडातल्या तोंडात संपणारा.

टिकीट, मार्केट, सीट यातला शेवटचा ट आपल्या ट आणि त च्या मधला असतो, जीभ दाताच्या मागच्या हिरडीला लागते. लिपी शिकायला घेतली की इथं नवीन माणूस हमखास अडकतो, कारण हा आवाज लिहायला ते कडक र दोनदा काढतात. तुम्ही मार्केटचा बोर्ड अक्षर अक्षर लावून मार्कऱ्ऱ असा काहीतरी वाचता आणि म्हणता ही काय भानगड. दोन कडक र म्हणजे ट, एवढं पाठ करून टाका.

आता व्हॉट्सॲपचं. मल्याळी लोक मेसेज बरेचदा इंग्रजी अक्षरात टाकतात, त्याला मंग्लीश म्हणतात. त्यात टी-एच म्हणजे त, म्हणून लताच्या स्पेलिंगमध्ये एच असतो, तिला लथा म्हणू नका. एन-जे म्हणजे ञ. आणि झेड-एच म्हणजे झ अजिबात नाही. आपल्याकडच्या बातम्यांत अलाप्पुझा लिहितात ते ऐकून तिकडची माणसं हसतात. तो एक वेगळाच आवाज आहे, जीभ मागं वळवून ळ आणि र च्या मधला, देवनागरीत ऴ लिहितात. नाही जमला तर ळ म्हणा, चालून जातं. कोळिक्कोड म्हटलं तर बस मिळते, कोझिकोडे म्हटलं तर कंडक्टर दोनदा विचारतो.

आणि हे उच्चार ऐकून हसू नका. त्यांनाही आपलं बोलणं ऐकून हसू येतं, ते दाखवत नाहीत एवढंच.

३. शब्दाचं शेपूट ओळखा

आपण बसमध्ये, बसनं, बसला म्हणतो तसे त्यांचेही प्रत्यय थेट इंग्रजी शब्दाला लागतात आणि शब्द ओळखूच येत नाही. इल म्हणजे मध्ये किंवा त. ओफीसिल म्हणजे ऑफिसात, बांकिल म्हणजे बँकेत, बस्सिल म्हणजे बसमध्ये. कळ लागलं की अनेकवचन, बस्सुकळ. शेवटी ओ आला आणि आवाज वर गेला की प्रश्न. करंट वन्नु म्हणजे लाईट आली, करंट वन्नो? म्हणजे आली का?

वाक्यात एखादा ओळखीचा वाटणारा पण लांबलचक शब्द आला की आधी त्याचं शेपूट मनात कापून बघा. निम्मे शब्द इथंच सुटतात.

४. तीन क्रियापदं शिका, तिसरं नीट

पहिलं चेय्युक, म्हणजे करणे. बुक चेय्तु, कॅन्सल चेय्तु, कॉल चेय्याम (फोन करतो). कोणाला विनंती करायची तर चेय्यामो. आपल्या बुक केलं, कॅन्सल केलं सारखंच आहे आणि वर सूट अशी की मी, तू, तो, ती, आम्ही, सगळ्यांना चेय्तु एकच. लिंग-वचनाची कटकट नाही. मराठी शिकणाऱ्या मल्याळी माणसाचे हाल आठवा आणि देवाचे आभार माना.

दुसरं आयि, म्हणजे झालं. रेडी आयि, लेट आयि, फुल आयि. रेडी आयो? विचारलं की तुमचा दागिना, जेवण, कागद, जे काय असेल ते तयार आहे का ते कळतं. स्वतः करून देणार असतील तर रेडी आक्काम म्हणतात, म्हणजे करून देतो. पण कधी करून देणार ते त्यात नसतं, ते वेगळं विचारावं लागतं.

तिसरं अडिक्कुक. मूळ अर्थ मारणे, बडवणे. आता बघा ते कुठं कुठं येतं. बेल अडिच्चु, बेल वाजली. हॉर्न अडिच्चु, हॉर्न मारला. पेट्रोल अडिक्कणम, पेट्रोल भरायचंय. करंट अडिच्चु, शॉक बसला. बोर अडिच्चु, कंटाळा आला. लॉटरी अडिच्चु, लॉटरी लागली, आणि केरळ सरकारची लॉटरी १९६७ पासून चालू असल्यानं हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं, बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी लागलेली असते. टेन्शन अडिक्कण्डा, टेन्शन घेऊ नका. लाईन अडिक्कुक म्हणजे आपली लाईन मारणेच, तिथं काही शिकायची गरज नाही. आणि बिअर अडिच्चु म्हणजे बिअर प्यायली.

आपण एवढ्यासाठी मारणे, लागणे, बसणे, भरणे, वाजणे, येणे अशी अर्धा डझन क्रियापदं वापरतो, ते एकावर भागवतात. त्यामुळं कोणी अडिच्चु म्हणालं की मारामारी झाली असं समजून धावू नका, त्याच्या आधीचा शब्द काय होता ते बघा. करंट हा शब्द तर दोन्हीकडं येतो. पोयी म्हणजे गेली, करंट पोयी म्हणजे लाईट गेली. अडिच्चु आलं तर मात्र धावा.

५. रस्त्यावरचे शब्द, म्हणजे खरा गोंधळ

बोर्ड इंग्रजीत असतो, वाचता येतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. फसगत इथंच होते.

जंक्शन. आपल्या डोक्यात मनमाड, मिरज, दौंड. तिकडं जंक्शन म्हणजे साधा चौक. कोचीत वैट्टिला जंक्शन म्हणजे रस्त्यांचा चौक, रेल्वे स्टेशन शोधू नका. खेडेगावात दोन रस्ते मिळतात आणि तीन दुकानं असतात तिथलंही नाव जंक्शन असू शकतं.

ब्लॉक. ट्रॅफिक जॅम. ब्लॉक आणु म्हणजे जॅम आहे. मुंबईकरांना मेगाब्लॉक आठवतो, रविवारीच असतो असं वाटतं, तिकडं रोज असतो.

राऊंड. हे फक्त तृश्शूरचं. वडक्कुनाथन मंदिर आणि तेक्किनकाड मैदानाभोवती जो गोल रस्ता आहे तो स्वराज राऊंड, आणि गावातले सगळे नुसतं राऊंड म्हणतात. राऊंडिल आहे म्हणजे त्या रस्त्यावर आहे, फेरफटका मारायला गेलाय असं नाही.

बसवर लिहिलेलं ओर्डिनरी, लिमिटेड स्टॉप, फास्ट पॅसेंजर, सुपर फास्ट, हे नीट वाचूनच चढा. फास्ट बघून खूश होऊन चढलात आणि तुमचं गाव छोटं असेल तर बस थांबणार नाही. प्रायव्हेट बसमध्ये सिंगल बेल म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे चला, हे आपल्या एसटीसारखंच, तेवढं एक घरच्यासारखं वाटतं.

वर्कशोप. गाडीचं गॅरेज. सेमिनार वगैरे नाही.

स्टेशनरी. आपल्याकडं वह्या-पेनं. तिकडं स्टेशनरी कडा म्हणजे साबण, टूथपेस्ट, बिस्किटं मिळणारं दुकान, वही मिळाली तर मिळाली. फॅन्सी म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिनांचं दुकान. टेक्स्टाईल्स म्हणजे कापडाचं आणि कपड्याचं दुकान, गिरणी नव्हे, इचलकरंजीवाल्यांनी खास लक्षात ठेवावं. ज्वल्लरी म्हणजे दागिने नाही, दागिन्यांचं दुकान.

टूरिस्ट होम म्हणजे लॉज. हॉटेल म्हणजे बहुतेक वेळा खायचं ठिकाण, आपल्यासारखंच. दारावर मील्स रेडी लिहिलं की भाताचं ताट तयार आहे, ओरु मील्स म्हणजे एक ताट. भात संपला की परत वाढतात, थांबा म्हणायचं तर मति. बेकरीत नुसता पाव नसतो, चहा, वडे, केळ्याची भजी, ज्यूस सगळं असतं, संध्याकाळी अख्खं गाव तिथं. कूल बार म्हणजे ज्यूस-सरबताचं दुकान, बार शब्द बघून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. ओरु लाईम म्हणजे एक लिंबू सरबत.

चहाचं तर वेगळंच प्रकरण. स्ट्रोंग, मीडियम, लाईट एवढं कळतं, पण शेजारचे काका ओरु वित्तौट म्हणतात आणि त्यांना चहा मिळतो, तो कुठला? बिनसाखरेचा. विदाउट शुगर यातली शुगर कधीच गळून पडली. शुगरवाल्या पेशंटांनी हा एक शब्द शिकून घ्यावा, दिवसातून चार वेळा उपयोगी पडतो.

आता बिवरेजस. हा शब्द नवीन माणसाला हमखास बनवतो. इंग्रजीत बेव्हरेज म्हणजे चहा-कॉफी-सरबत काहीही. तिकडं बिवरेजस म्हणजे सरकारी दारूचं दुकान, बस. केरळ स्टेट बिवरेजस कॉर्पोरेशन १९८४ मध्ये सुरू झालं, त्याच्या नावातला मधला शब्दच दुकानाचं नाव होऊन बसला. सासूबाई केरळ बघायला आल्यात आणि तहान लागली म्हणून त्यांना त्या बोर्डाकडं नेऊ नका, रांग बघूनच कळेल म्हणा. आणि दारूबरोबर जो चखणा लागतो त्याला तिकडं टच्चिंग्स म्हणतात. हा शब्द कुठल्या डिक्शनरीत सापडला तर मला कळवा.

शाळा-कॉलेजवाल्यांसाठी घाईघाईत: प्लस टू म्हणजे बारावी, एसएसएलसी म्हणजे दहावी, एन्ट्रन्स म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी, आणि सप्लि म्हणजे आपली केटी.

६. डिक्शनरी वापरायची पद्धत

इंग्रजी शब्द टाकला, मल्याळम शब्द मिळाला, तो जाऊन बोलला, असं केलंत तर समोरचा कळून घेईल पण तुम्ही बातम्या वाचताय असं त्याला वाटेल. इलेक्ट्रिसिटी शोधलं तर वैद्युति मिळतं. बरोबरच आहे, बिलावर, बोर्डावर, पेपरात तेच असतं, पण घरात कोणी वैद्युति पोयी म्हणत नाही. ट्रेनला तीवण्डि शब्द आहे, म्हणजे आगीची गाडी, सुंदर आहे, पण प्लॅटफॉर्मवर सगळे ट्रेनच म्हणतात. थँक्यूला नन्दि आहे, स्टेजवरून भाषण करताना वापरा, दुकानात ताङ्क्स पुरतं. आणि याच्या उलटही असतं, हॉस्पिटलला आशुपत्रि हा शब्द अगदी रोजच्या बोलण्यातला आहे. म्हणजे कुठला शब्द पुस्तकी आणि कुठला बोलीतला, हे डिक्शनरी सांगत नाही.

मी हे असं करतो:

अ) इंग्रजी शब्द ओळममध्ये टाकतो. तीन-चार अर्थ येतात, पहिलाच उचलत नाही.
आ) त्यातला जो बरा वाटतो तो मल्याळम शब्द परत दातुकच्या मल्याळम-मल्याळम कोशात टाकतो. उलटा फिरवला की खरा अर्थ कळतो.
इ) तो शब्द मातृभूमी किंवा मलयाळ मनोरमाच्या साईटवर शोधतो. बातमीत कुठल्या शब्दांच्या शेजारी बसलाय ते बघतो.
ई) चहावाल्याला विचारतो. तो म्हणतो आम्ही असं नाही म्हणत, तसं म्हणतो. त्याचं ऐकतो.

आ ही पायरी मराठी माणसानं अजिबात गाळायची नाही, त्याचं कारण संस्कृत. मल्याळममध्ये संस्कृत शब्द भरपूर, ओळममध्ये उत्तर आलं की ते वाचून आपल्याला वाटतं अरे हे तर आपलंच. आणि तिथं गाडी घसरते. परमिशन शोधा, अनुवादम येतं. मराठी माणूस म्हणेल हे तर भाषांतर. मग ट्रान्सलेशन शोधा, परिभाषा येतं! राईट म्हणजे हक्क, त्याला अवकाशम. भाषणाला प्रसंगम. लग्नाला कल्याणम, म्हणजे लग्न झालं की कल्याण होतंच असं त्यांनी धरून टाकलंय. टॉक म्हणजे बोलणे, त्याला संसारिक्कुक. तुम्हाला कोणी मलयाळम संसारिक्कुमो? विचारलं तर तो तुमच्या संसाराची चौकशी करत नाहीये, मल्याळम बोलता का विचारतोय. आणि ॲप्लिकेशनला अपेक्षा. सरकारी ऑफिसात अपेक्षा द्या म्हणाले तर अर्ज द्या, तुमच्या काय अपेक्षा आहेत ते सांगत बसू नका.

थोडं विषयांतर. आपल्याकडं जसा मोल्सवर्थ, तसा तिकडं गुंडर्ट. हेर्मान गुंडर्ट हा जर्मन मिशनरी तलश्शेरीला राहिला, त्याचा मल्याळम-इंग्रजी कोश १८७२ मध्ये आला, आणि नोबेल मिळालेला लेखक हेर्मान हेस हा त्याचा नातू. त्याच्याही आधी कोट्टयमच्या बेंजामिन बेलीनं १८४९ मध्ये इंग्रजी-मल्याळम कोश छापला होता. आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, म्हणजे दोन्हीकडं हे काम साधारण एकाच काळात चालू होतं. गुंडर्ट आजही स्कॅन केलेला वाचायला मिळतो, पण भाडं किती ते विचारायला त्याचा उपयोग नाही, हौस असेल तर रविवारी उघडा.

गूगल ट्रान्सलेट वापरू नका असं मी म्हणणार नाही, बोर्ड वाचायला आणि लांब मेसेजचा अंदाज घ्यायला ठीक आहे. पण आपलं वाक्य त्यात टाकून घरमालकाला पाठवू नका, फार औपचारिक होतं आणि कधी कधी उद्धटही.

७. घर, फॉर्म, ऑफिस

घर भाड्यानं घेताना डिपॉझिट म्हणालात तर कळतं पण ते अड्वान्स म्हणतात. अड्वान्स म्हणजे आगाऊ भाडं असं आपण समजतो, त्यामुळं हे पैसे भाड्यातून वळते होणार की घर सोडताना परत मिळणार, ते आधीच स्पष्ट विचारा आणि करारात लिहून घ्या. करार ज्या स्टँपपेपरवर होतो त्याला मुद्रपत्रम म्हणतात. कोऴिक्कोड-मलप्पुरमकडं क्वार्टर्स ऐकलंत तर ते सरकारी नसतं, भाड्याच्या खोल्यांची रांग असते.

जागा सेंटमध्ये मोजतात. एक एकर म्हणजे १०० सेंट, एक सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट. आपला गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा बरोबर अडीच सेंट. दहा सेंटचा प्लॉट ऐकून अत्तराची बाटली डोळ्यासमोर आणू नका, चार गुंठे आहेत ते.

विलेज ऑफिस म्हणजे साधारण आपलं तलाठी कार्यालय. शहराच्या मधोमधसुद्धा विलेज ऑफिस असतं, त्यामुळं आम्ही तर सिटीत राहतो असा वाद घालू नका. ऑनलाईन अर्ज, दाखले, बिलं यासाठी अक्षया सेंटरला जा, २००२ मध्ये मलप्पुरममधून सुरू झालेली ही केंद्रं आता सगळीकडं आहेत आणि तिथल्या मॅडम बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा जास्त जाणतात.

सोबत ठेवा: आधार आणि त्याची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, भाडेकराराची प्रत, कंपनीचं किंवा दुकानाचं पत्र, आणि बँकेचं पासबुक.

फॉर्म मल्याळममध्ये असेल तर एवढे शब्द पुरतात. पेरु म्हणजे नाव (हो, पेरूच). अच्छन्टे पेरु म्हणजे वडलांचं नाव. मेलविलासम म्हणजे पत्ता, त्यात विलास काही नाही. वयस्सु वय, तीयति तारीख, ओप्पु म्हणजे सही.

दोन रकाने मात्र इंग्रजीत असूनही घात करतात. एक इनिशियल. तिकडं बऱ्याच लोकांना आपल्यासारखं आडनाव नसतं, नावाला एक-दोन अक्षरं जोडलेली असतात आणि त्यात घराचं किंवा वडलांचं नाव लपलेलं असतं. तुम्ही जाधव-पाटील असाल तर आधारवर आहे तसं पूर्ण नाव लिहा, उगाच अक्षरं पाडू नका, नाहीतर प्रत्येक कागदावर वेगळं नाव होऊन बसेल. दुसरा हाऊस नेम. घर नंबर नव्हे, घराचं नाव. तिकडं घराला नाव असतं आणि त्यावरच टपाल येतं. तिथं स्वतःचं आडनाव लिहू नका, घरमालकाला विचारून त्याच्या घराचं किंवा बिल्डिंगचं नाव लिहा.

८. सोन्याच्या धंद्यात असाल तर

तोळा विसरा. तिकडं भाव, हुंडा, लग्नाची चर्चा सगळं पवनमध्ये चालतं, इंग्रजी पेपरात त्यालाच सॉव्हरिन लिहितात. एक पवन ८ ग्रॅम. आपला बाजारातला तोळा १० ग्रॅमचा. म्हणजे पाच पवन ऐकलं की चार तोळे समजायचं. तोंडी हिशोबात हे उलटं धरलं तर फरक थेट खिशाला लागतो, म्हणून ग्रॅममध्येच बोला आणि लिहून घ्या. नाईन वण सिक्स हे बावीस कॅरेटचं नाव, ९१६ हॉलमार्कवरून आलेलं, गिऱ्हाईक कॅरेट म्हणतच नाही, ते नाईन वण सिक्स आहे का विचारतं. मजुरीला पणिक्कूलि. गिऱ्हाईक या शब्दावरच घासाघीस करतं, म्हणून पहिल्या दिवशी पाठ करा.

९. माणसांना हाक कशी मारायची

अंकल-आंटीच्या भानगडीत पडू नका. थोडा मोठा असेल तर चेट्टा, बाई असेल तर चेच्ची. मुसलमान वस्तीत इक्का आणि इत्ता ऐकाल, तिथं तसं म्हणा. ऑफिसात क्लार्कलाही सार. शिक्षिकेला टीच्चर, आणि हे नावामागं आदरानं जोडतात, आरोग्यमंत्री असतानाही के. के. शैलजा यांना सगळं राज्य शैलजा टीच्चरच म्हणायचं. सिस्टर म्हणजे नर्स किंवा चर्चची नन, बहिणीच्या अर्थानं कोणाला सिस्टर म्हणू नका.

आणि भाई. आपल्याकडं भाई म्हटलं की वजन असतं. तिकडं भायी म्हणजे उत्तरेकडून आलेला मजूर. तुम्ही हिंदी बोलायला लागलात की तुम्हालाही भायी म्हणतील, कोल्हापूर उत्तरेलाच की त्यांच्या. राग मानण्यासारखं काही नसतं बहुतेक वेळा, पण तुम्ही स्वतः मल्याळी माणसाला भाई म्हणून हाक मारू नका, चेहरा बदलतो.

कॉलेजची पोरं सीन आयि म्हणाली तर लफडं झालं, सीन इल्ला म्हणाली तर काही टेन्शन नाही. सेट आयि म्हणजे जमलं. चंक म्हणजे जिगरी दोस्त. हे शब्द पन्नाशीच्या माणसापुढं वापरू नका, त्याच्यासाठी कुऴप्पमिल्ला आहे, काही हरकत नाही या अर्थाचा, आणि तो कुठंही चालतो.

१०. अडलं की ही तीन वाक्यं

पदुक्के परयामो? (हळू सांगता का?)
इदिनु मलयाळत्तिल एन्ता परयुक? (याला मल्याळममध्ये काय म्हणतात?)
आणि शब्द कळला नाही तर तो शब्द म्हणून पुढं एन्नु वेच्चाल एन्दाणु? (म्हणजे काय?)

तिसरं वाक्य इंग्रजी शब्दांसाठीही बिनधास्त वापरा, लाजू नका. वित्तौट एन्नु वेच्चाल एन्दाणु विचारलं तर टपरीवरची चार माणसं मिळून समजावतात, आणि बहुतेक वेळा चहाचे पैसेही घेत नाहीत.